सातवी रांग

शोकसभेत पडद्यावर मन्मथअप्पांचा फोटो होता,
कोटातला.
मला आठवतो तो माणूस पहाटे पाचला
चिकलठाण्याच्या शेडमध्ये
ओल्या गोणपाटानं फरशी पुसणारा.
मालक, आणि गुडघ्यांवर.
"धुळीला हाकलता येत नाही, अनुसया.
ती इथलीच हाय. उपरे आपण."

माझा बाप गुलमंडीवर शिंपी.
त्याची कात्री माझ्या हातात बसली नाही,
नजर तेवढी आली.
अप्पांनी मुलाखतीत एकच विचारलं,
सरळ रेघ कापता येती का, पट्टी न लावता?
टेबलावरच्या पेपरातली एक जाहिरात
मी ब्लेडनं काढून दिली,
चौकटीसकट, आतलं एक अक्षर न दुखावता.

एकोणऐंशी साल. टेबलभर लाल फिल्म, खालून दिवा.
पातं फिरवायचं, मग चिमट्यानं
वरचा लाल पापुद्रा सोलायचा,
भाजल्या वांग्याची साल निघते तसा.
पुढं कॅमेरा ते सगळं आक्रसून टाकी,
आणि माझे हातभर रस्ते
मुंगीच्या पायाखाली मावत.
"हे काय काढलंय अप्पा?"
"उदगीर," ते म्हणाले. "हा चौबारा.
करंट इथवर येतो. थांबतो.
विचारतो, जाऊ का पुढं?"

रात्री दोनला तिन्ही फेज येत तेव्हा
माणसं कंदील घेऊन विहिरीवर जात,
मोटार चालू करायला.
अप्पांचा मेव्हणा तसाच गेला, पाय घसरून.
हे त्यांनी एकाही भाषणात सांगितलं नाही.
चिप त्यासाठी होती:
माणसानं झोपावं, जागं तिनं राहावं.

पहिली खेप तैवानहून आली
बिस्किटाच्या डब्याएवढ्या खोक्यात.
चारशे चिपा. चारशेही मेलेल्या.
अप्पांनी नकाशा भिंतीला टांगला, भिंग घेतलं.
जेवले नाहीत असं म्हणणं खोटं होईल.
जेवले, उभ्यानं, भाकरी आणि कारळाची चटणी,
चटणीचा कण नकाशावर पडू न देता.
तिसऱ्या रात्री बोट थांबलं.
सातव्या रांगेत एक रस्ता
शेजारच्याला चिकटला होता.
केसाएवढा पापुद्रा सोलायचा राहिला होता.

ती रांग माझी.
त्या दिवशी बापाला घाटीत भरती केलं होतं,
पण ते कारण मी कोणाला दिलं नाही.

बँकेच्या लोमटे साहेबांना अप्पा म्हणाले,
"डिझाइन चुकलं. माझं."
मला अवाक्षर नाही.
सोमवारी नवी फिल्म आली, आणि सातवी रांग
परत माझ्याच टेबलावर.

कितीतरी वर्षं मी याला थोरपण म्हणत आले.
मग एकदा पेटंटचा कागद पाहिला, काचेच्या चौकटीतला.
त्यावरही एकच नाव होतं.
या माणसाला चूकसुद्धा
दुसऱ्याच्या नावावर खपत नव्हती.
यात राग किती आणि माया किती,
अजून वेगळं करता आलेलं नाही.
इथं पातं चालत नाही.

पुढं कॉम्प्युटर आले, लाल फिल्म गेली.
कंपनी बंगळूरवाल्यांनी घेतली.
अप्पांना चिपा इथंच घडवायच्या होत्या,
पण त्या धुवायला लागतं निव्वळ पाणी, इतकं निव्वळ
की त्याला चवसुद्धा नसते,
आणि आमच्या नळाला आठव्या दिवशी येई
ते गढूळ.
फाईल मंत्रालयात गेली, ती गेलीच.

सभेत कोणी म्हणालं, या मातीतून घडलेला माणूस.
मला हसू आलं. माती तर ते रोज पुसत होते.

परतताना करमाडच्या पुढं बस पंक्चर झाली.
रात्रीचे अकरा. रस्त्याकडेला मोसंबीची बाग, मिट्ट अंधार.
मग दूरवर एक बल्ब लागला,
आणि विहिरीवर कोणी नसताना
खट् झालं,
थोडा वेळ काहीच नाही,
आणि मोटार धरली.
ड्रायव्हर जॅक शोधत होता.
मी त्या मधल्या थोड्या वेळापाशीच
उभी होते.